रिक्षाच्या भाड्याच्या रेषेत क = २५ धरला की उत्तर का चुकतं? चढ आणि वाय-इंटरसेप्टचा घोळ

वनाझ_ते_रामवाडी

मुलगी अकरावीत आहे, सरळ रेषेचा धडा चालू आहे. फोनवर मराठी कळफलक आहे, त्यामुळे एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य, एमच्या जागी म आणि सीच्या जागी क लिहितोय. म्हणजे य = म×क्ष + क. म हा चढ, म्हणजे क्ष एकाने वाढला की य किती बदलतो ते, आणि क हा वाय-इंटरसेप्ट, रेषा य-अक्षाला जिथे कापते तिथली य ची किंमत. इथपर्यंत आम्हा दोघांना पाठ आहे.

घोळ पुढे आहे. सरावाला रिक्षाचं भाडं घेतलं. सप्टेंबर २०२२ पासूनचा पुण्याचा दर: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. तिने लगेच लिहिलं, म = १७, क = २५, य = १७क्ष + २५. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण ५ किलोमीटरला यातून ११० येतात आणि दरपत्रकाच्या हिशोबाने ८४.५०. चढ चुकला की क?

दुसरं, ३क्ष − ४य + १२ = ० या रेषेचा चढ तिने आधी ३ काढला, मग −३/४. पुस्तकामागे ३/४ आहे. आणि (−२, ७) व (४, −५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ तीनदा काढला, तीन वेगळी उत्तरं. सूत्र घडाघडा म्हणता येतं, तरी. त्यामुळे सूत्र सांगू नका, ते नेमकं कुठे घसरतं ते सांगा.

मीटरडाऊन

चढ बरोबर आहे. क चुकलाय, कारण २५ हा आकडा दुसऱ्याच रेषेचा आहे.

आलेख काढून बघा. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्यावर रुपये. मीटर टाकल्यापासून दीड किलोमीटरपर्यंत भाडं २५ वरून हलत नाही, म्हणजे तिथे एक आडवा तुकडा आहे. त्याचा चढ ० आणि इंटरसेप्ट २५. दीड किलोमीटरला आलेख मोडतो आणि १७ चढाची तिरकी रेषा सुरू होते. तुमच्या मुलीने चढ दुसऱ्या तुकड्याचा घेतला आणि इंटरसेप्ट पहिल्याचा.

तिरक्या रेषेचा क काढायला तिच्यावरचे बिंदू घ्या. पहिला (१.५, २५), तिथेच ती सुरू होते. दुसरा ५ किलोमीटरचा: २५ + १७ × ३.५ = ८४.५, म्हणून (५, ८४.५).

चढ = (८४.५ − २५) ÷ (५ − १.५) = ५९.५ ÷ ३.५ = १७.
क = य − म×क्ष = २५ − १७ × १.५ = २५ − २५.५ = −०.५.

म्हणून य = १७क्ष − ०.५, आणि हे फक्त क्ष १.५ किंवा त्याहून जास्त असताना. ५ घालून बघा: ८५ − ०.५ = ८४.५.

उणे पन्नास पैसे याचा अर्थ शून्य किलोमीटरला रिक्षावाला आपल्याला आठ आणे देणार, असा नाही. तिरकी रेषा मागे पट्टीने वाढवत नेली तर ती य-अक्षाला शून्याच्या किंचित खाली कापते, एवढंच. तिथे खरा प्रवास नाही. रेषेचं समीकरण लिहिताना तो आकडा मात्र लागतोच.

आता गंमत. क्ष म्हणजे एकूण किलोमीटर न घेता दीडच्या पुढचे जादा किलोमीटर घ्या, त्याला ज म्हणा. मग य = १७ज + २५. इथे क खरोखरच २५ आहे आणि समीकरणही खरं आहे! मुलीचं उत्तर या मांडणीत बरोबर होतं, फक्त तिने ज च्या जागी एकूण अंतर घातलं. शून्य सरकवला की चढ १७ चा १७ राहतो, इंटरसेप्ट बदलतो. म्हणून उदाहरण वाचताना आधी विचारा, क्ष शून्य म्हणजे काय? कुठून मोजतोय? याचं उत्तर दिल्याशिवाय क ला हात लावायचा नाही.

अवांतर: पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, तिकिटावर हा प्रयोग करू नका. टप्प्यांचं भाडं पायऱ्यांसारखं चढतं, त्याला एक चढ नसतो.

चौकोनी_वही

रिक्षा मार्गी लागली, मी बाकीची दोन घेतो.

३क्ष − ४य + १२ = ०. क्ष च्या शेजारी जो आकडा दिसेल तो चढ, ही सवय पहिल्या दिवसापासून लागते. ती तेव्हाच खरी, जेव्हा डावीकडे य एकटा उभा असतो, सहगुणक १ आणि चिन्ह धन. इथे य च्या गळ्यात −४ आहे. आधी य चं पद पलीकडे नेऊन त्याचं चिन्ह धन करा:

३क्ष + १२ = ४य
य = (३/४)क्ष + ३

चढ ३/४, इंटरसेप्ट ३. य चं पद उजवीकडे नेल्यामुळे −४ ने भागायची वेळच आली नाही. ऋण संख्येने भागताना एका पदाचं चिन्ह बदलायचं आणि दुसऱ्याचं विसरायचं, इथेच सगळ्यात जास्त गुण जातात. दुसरी चूक म्हणजे ३क्ष ला ४ ने भागायचं आणि १२ तसाच ठेवायचा. मग क = १२ येतो.

आता −३/४ कुठून आला ते सांगतो. प×क्ष + फ×य + ब = ० असेल तर चढ = −प/फ आणि इंटरसेप्ट = −ब/फ. अ, ब, क मुद्दाम घेतली नाहीत, कारण अ गुणिले क्ष लिहिलं की ते 'अक्ष' दिसतं आणि वाचणारा य-अक्ष शोधू लागतो. इथे फ ची किंमत −४ आहे, ४ नाही. मुलीने सूत्रातला उणे घेतला, फ चा उणे सोडला. −३ ÷ −४ = ३/४.

पडताळा दहा सेकंदांचा आहे. अंगठ्याने क्ष चं पद झाका: −४य + १२ = ०, य = ३. हा इंटरसेप्ट. आता य चं पद झाका: ३क्ष + १२ = ०, क्ष = −४. म्हणजे रेषा (−४, ०) आणि (०, ३) मधून जाते. डावीकडून उजवीकडे ४ घरं गेलं की ३ घरं वर. चढ धन आहे हे कच्च्या आकृतीतच दिसतं, मग −३/४ लिहायला हात धजत नाही.

दोन बिंदूंचं उदाहरण. बरोबर उत्तर:

चढ = (−५ − ७) ÷ (४ − (−२)) = −१२ ÷ ६ = −२
क = ७ − (−२)(−२) = ७ − ४ = ३
रेषा: य = −२क्ष + ३

क काढताना पहिला बिंदू वापरला, म्हणून पडताळा दुसऱ्याने: −२ × ४ + ३ = −५, जुळलं. ज्या बिंदूने क काढला त्यानेच पडताळा घेतला तर चढ चुकलेला असला तरी तो जुळतोच, आणि पोरं निश्चिंत होतात.

तीन उत्तरं कोणती आली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण या उदाहरणात चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखता येते. −६ आलं असेल तर खाली ४ − (−२) ऐवजी ४ − २ केलंय, दोन उणे गिळले. +२ आलं असेल तर वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा. कोणता बिंदू आधी घ्यायचा याला बंधन नाही, पण वर जो आधी घेतला तोच खाली आधी हवा. −१/२ आलं असेल तर क्ष चा फरक वर गेला. कंसाशिवाय ऋण संख्या घालायची नाही, एवढा एक नियम पाळला तर −६ वाला प्रकार बंद होतो. बिंदूंच्या डोक्यावर आधी क्ष१, य१, क्ष२, य२ लिहून घेतलं तर +२ वालाही.

वनाझ_ते_रामवाडी

−६, २ आणि −२! म्हणजे एकदा बरोबर आलं होतं आणि तिने ते खोडलं. ज ची मांडणी पाहून ती जरा गप्प झाली, पटलंय बहुतेक.

आणखी दोन गोष्टी. क्ष = ४ या रेषेचा चढ तिने ० लिहिला, तो चूक दिला. आणि भौतिकशास्त्राच्या वहीत लंबकाच्या आलेखावरून चढ काढायचा आहे. तिथे रेषा डाव्या कडेला २.०५ ला कापते म्हणून तिने इंटरसेप्ट २.०५ लिहिला. खाली लाल शेरा: 'अक्ष पाहा'. काय पाहायचं?

चौकोनी_वही

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. 'चढ शून्य आहे' आणि 'चढ नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. य = −३ ही आडवी रेषा, तिचा चढ शून्य, इंटरसेप्ट −३. क्ष = ४ ही उभी रेषा. तिच्यावरचे कोणतेही दोन बिंदू घ्या, (४, १) आणि (४, ६), तर ५ ÷ ० होतं. चढ ठरवताच येत नाही. ती य-अक्षाला समांतर असल्याने त्याला कापतही नाही, म्हणून इंटरसेप्टही नाही. उभ्या रेषेला य = म×क्ष + क या साच्यात बसवता येत नाही, हा साच्याचा दोष.

वेष बदलून येणारी आणखी दोन समीकरणं बघून ठेवा. य = २(क्ष − ३) + ५ मध्ये क पाच नाही, कंस सोडला की −१ येतो. आणि क्ष/५ + य/२ = १ मध्ये काही न करता दोन्ही अक्षांवरचे छेद समोर आहेत, ५ आणि २. चढ मात्र −२/५. २/५ लिहून उणे विसरणारे पुष्कळ.

लंबकाचं वर्नियर सांगतील.

वर्नियर

'अक्ष पाहा' म्हणजे आडवा अक्ष शून्यापासून सुरू झालाय का ते पाहा. २.०५ या आकड्यावरून दिसतंय की आलेखाची डावी कडा ०.५ मीटरवर आहे. जागा वाचवायला अक्ष मधून सुरू केला की डावीकडची उभी रेघ हा य-अक्ष उरत नाही, ती नुसती कागदाची कड. तिथे रेषा जिथे कापते ती क्ष = ०.५ ची किंमत, इंटरसेप्ट नाही. वर्तमानपत्रातले आलेखही असेच फसवतात, पण तो वेगळा विषय.

पूर्ण हिशोब करून दाखवतो. लंबकाचं समीकरण: आवर्तकालाचा वर्ग = (४ × पायचा वर्ग ÷ ग) × लांबी. इथे आवर्तकाल म्हणजे लंबकाच्या एका पूर्ण झोक्याला (जाऊन परत) लागणारा वेळ, पाय म्हणजे ३.१४१६ आणि ग म्हणजे गुरुत्वत्वरण. उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग, आडव्यावर लांबी घेतली की सरळ रेषा येते. चढ = ४ × पायचा वर्ग ÷ ग, ग = ९.८ धरला तर ३९.४८ ÷ ९.८ = ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटर. चढाला एकक आहे, ते लिहायचं. उभ्या अक्षाचं एकक भागिले आडव्या अक्षाचं एकक. रिक्षात ते रुपये प्रति किलोमीटर होतं, आणि क चं एकक नेहमी उभ्या अक्षाचंच.

सूत्राप्रमाणे रेषा आरंभबिंदूतून जायला हवी, क = ०. पण प्रत्यक्ष नोंदींत बहुतेकदा जात नाही, आणि त्याला एक ठरलेलं कारण असतं. लांबी टांगलेल्या ठिकाणापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. मुलं धाग्याची लांबी मोजतात, गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत. २ सेमी व्यासाचा गोळा असेल तर प्रत्येक नोंदीत १ सेमी कमी. ०.६० मीटर लिहिलं तरी लंबक खरा ०.६१ चा असतो. आवर्तकालाचा वर्ग मग ४.०३ × ०.६१, म्हणजे २.४६. तसंच १.२० लिहिलं तेव्हा ४.०३ × १.२१, म्हणजे ४.८७ किंवा ४.८८.

आता दोन वाटा. एकाच नोंदीवरून ग काढला तर ३९.४८ × ०.६० ÷ २.४६ = ९.६३. कमी आला. रेषेच्या चढावरून काढला तर (४.८७ − २.४६) ÷ (१.२० − ०.६०) = ४.०२, आणि ग = ३९.४८ ÷ ४.०२ = ९.८२. प्रत्येक लांबीत तीच १ सेमीची चूक असल्याने सगळी रेषा तशीच्या तशी बाजूला सरकली, तिरपेपणा तोच राहिला. चूक सगळी इंटरसेप्टमध्ये जाऊन बसली: ४.०३ × ०.०१ = सुमारे ०.०४ सेकंद वर्ग. वर मीटरडाऊन यांनी किलोमीटर दीडने सरकवले, इथे लांबी १ सेमीने सरकली. हिशोब तोच. उलटंही करता येतं. ०.०४ ला चढाने भागा, ०.०१ मीटर येतात. गोळ्याची त्रिज्या इंटरसेप्टने सांगितली.

म्हणून रेषा बळंच आरंभबिंदूतून ओढायची नाही. तसं केलं की ती जरा फिरते, चढ बिघडतो आणि ती १ सेमीची चूक ग मध्ये शिरते.

आलेखाबद्दल. प्रमाण उभ्या अक्षावर १ सेमी = ०.२ सेकंद वर्ग, आडव्यावर १ सेमी = ०.१ मीटर घ्या. उंची २५ सेमीच्या आत बसते आणि ०.०४ चा इंटरसेप्ट २ मिमी दिसतो. १ सेमी = ०.५ घेतलं तर तो एका मिलिमीटरपेक्षा कमी होतो आणि पेन्सिलच्या रेघेतच बुडतो. चढ काढायला तक्त्यातल्या नोंदी घ्यायच्या नाहीत, ओढलेल्या रेषेवरचे दोन बिंदू घ्यायचे, शक्यतो लांब लांब, आलेख कागदाच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथले. ३ सेमीच्या त्रिकोणात अर्ध्या मिलिमीटरची वाचनचूक दीड-दोन टक्के होते, १५ सेमीच्या त्रिकोणात नगण्य.

अक्ष शून्यापासून नसेल तर इंटरसेप्ट आलेखावर शोधूच नका, क = य − म×क्ष ने काढा. मात्र तो फार हळवा असतो. वरच्याच आकड्यांत ४.०१७ × ०.६० = २.४१ आणि २.४६ − २.४१ = ०.०५. अपेक्षित ०.०४, आले ०.०५. दुसऱ्या दशांशातल्या एका घराने एवढा फरक पडला, कारण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी होऊन लहान उरतो. त्या मानाने चढ निवांत असतो.

आणि कोनमापक नको. दहावीच्या भूमितीत चढ = टॅन थीटा शिकवलेलं असतं, ते दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण असेल तेव्हा. वरच्या प्रमाणाने कागदावर ही रेषा सुमारे ६३.५ अंशांची दिसेल आणि त्याचा टॅन येईल २, चार नाही. प्रमाणांचं गुणोत्तर दोन आहे, तेवढं हरवलं.

ताप_मोजा

सगळ्यांना +१. शून्य सरकवण्याचं घरगुती उदाहरण थर्मामीटर. फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे ६८.४ + ३२ = १००.४. पण 'तापमान २ अंश सेल्सिअसने वाढलं' याचं रूपांतर करताना ३२ मिळवायचे नाहीत. वाढ म्हणजे दोन किमतींचा फरक, त्यात क वजा होऊन उडतो. उत्तर ३.६ अंश फॅरनहाइट. ३५.६ असं छापलेलं दिसलं तर समजा, कुणीतरी फरकाला इंटरसेप्ट जोडलाय.

अवांतर: क्ष, य ची लाज वाटायचं कारण नाही. भास्कराचार्य बीजगणितात अव्यक्तांना या, का, नी लिहीत, म्हणजे यावत्-तावत्, कालक आणि नीलक. आपण फक्त अक्षरं बदलली.

तक्तेवाला

वहीतून संगणकावर गेलात तर तिथले खड्डे वेगळे, ते लिहून ठेवतो.

एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट अशी दोन फंक्शनं आहेत. दोन्हींत आधी य चा स्तंभ द्यायचा, मग क्ष चा. आपण बोलताना 'क्ष, य' म्हणतो, त्यामुळे उलटं दिलं जातं आणि एक्सेल तक्रार करत नाही, निमूट आकडा देतो. 'उलटं दिलं तर १ भागिले चढ मिळेल, पुन्हा उलटवू' हेही चालत नाही. सगळे बिंदू काटेकोर एका रेषेत असतील तरच ते खरं. विखुरलेल्या नोंदींत दोन्ही चढांचा गुणाकार १ पेक्षा कमी येतो.

आलेख काढताना स्कॅटर निवडा, लाइन चार्ट नको. लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या आकड्यांना नुसती नावं समजतो आणि ट्रेंडलाइन (नोंदींच्या मधून जाणारी रेषा) काढताना क्ष म्हणून १, २, ३, ४ घेतो. लंबकाच्या लांब्या ०.६, ०.८, १.०, १.२ असतील तर चढ ४.०३ ऐवजी ०.८१ येईल. आकडा बरा दिसतो म्हणून कुणाला संशय येत नाही.

तिसरा खड्डा वर्षांचा. समजा एखादी फी २०२० मध्ये ४० हजार आणि २०२४ मध्ये ५२ हजार. चढ ३ हजार प्रतिवर्ष, छान. इंटरसेप्ट = ४० − ३ × २०२० = −६०२०. उणे साठ लाख वीस हजार रुपये! आकडा चूक नाही, शून्य दोन हजार वर्षं मागे ठेवलाय. शिवाय ट्रेंडलाइनचं समीकरण चार्टवर छापताना एक्सेल आकडे कापतो. चढ २.९६ असेल आणि ३ छापला गेला, तर २०२४ ने गुणताना ०.०४ चे ८१ होतात. म्हणून क्ष = वर्ष − २०२० घ्या. इंटरसेप्ट ४० येतो, तो २०२० ची फी सांगतो, आणि कापाकापीने काही बिघडत नाही.

कॅल्क्युलेटरवालेही जपा. कॅसिओच्या ९९१ ईएससारख्या यंत्रांत रेषा 'ए अधिक बी एक्स' अशी असते. पहिला आकडा इंटरसेप्ट, दुसरा चढ. म आणि क च्या क्रमाने उतरवून घेतलं की अदलाबदल झाली.

कात्रजबोगदा

एक शब्दाची तक्रार. वर सगळे चढ चढ म्हणतायत, पण −२ ला चढ म्हणायला जीभ वळत नाही. तो उतार झाला ना? आणि पुण्याहून बोगद्याकडे जाताना जो चढ आहे तोच परत येताना उतार. मग चिन्ह कुणाचं धरायचं?

चौकोनी_वही

बोर्डाच्या पुस्तकात 'रेषेचा चढ' आहे, म्हणून तो शब्द. ऋण चढ म्हणजे बोलीतला उतार, बरोबर. रस्त्यावर दिशा प्रवाशाची, आलेखावर मात्र गाडी एकाच बाजूने जाते, डावीकडून उजवीकडे. परतीचा प्रवास नाही. (−२, ७) वरून (४, −५) ला जा किंवा उलट, वरचं आणि खालचं दोन्ही चिन्हं एकदम बदलतात आणि भागाकार −२ च राहतो.

वनाझ_ते_रामवाडी

लंबकाची वही दुरुस्त झाली. लाल शेऱ्याखाली आता 'डावी कड म्हणजे य-अक्ष नव्हे' असं लिहिलंय.

आता तिचाच प्रश्न. रात्री भाडं सव्वापट होतं तेव्हा फक्त चढ बदलतो ना? आणि कुणी सामानाचे म्हणून सरळ ३ रुपये जास्त लावले तर?

मीटरडाऊन

सव्वापटीत दोन्ही बदलतात, कारण अख्खी उजवी बाजू १.२५ ने गुणली जाते. चढ १७ × १.२५ = २१.२५, इंटरसेप्ट −०.५ × १.२५ = −०.६२५. पडताळा दीड किलोमीटरला: २१.२५ × १.५ = ३१.८७५, त्यातून ०.६२५ गेले, ३१.२५ उरले. २५ ची सव्वापट तेवढीच. आडवा तुकडाही २५ वरून ३१.२५ ला जातो, त्याचा चढ मात्र शून्यच, कारण शून्याची सव्वापट शून्य.

सामानाचे ३ रुपये वरून मिळवले तर चढ १७ च, क = −०.५ + ३ = २.५, रेषा जुन्या रेषेला समांतर. रात्री सामानासकट जायचं असेल तर आधी सव्वापट की आधी तीन रुपये, यावरून क बदलतो. आधी गुणून मग मिळवले तर −०.६२५ + ३ = २.३७५, आधी मिळवून मग गुणले तर २.५ × १.२५ = ३.१२५. चढ दोन्हींत २१.२५. फरक ७५ पैशांचा, कितीही लांब गेलात तरी तेवढाच. तो का वाढत नाही, हे तिला विचारा.